अर्धा पेला पाणी कुठे गेलं?

पाणी कसं सांडतं हे मला कुणी शिकवायला नको. गेली नऊ वर्षं मी पाणीच सांडतोय. अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत नोकरी आहे. पडद्यावरचा राजवाडा कुणी एक बांधतो, राजकन्येला कुणी दुसरा हसवतो, आणि ती रडायला लागली की मला हाक येते. अश्रू, घाम, पूर, डबकी, सगळं माझ्याकडे. स्टुडिओत मला पाणीवाला म्हणतात. परवा गेटवरच्या पहारेकऱ्यानेही वहीत तेच लिहिलं, तेव्हा ठरवलं की आता पुरे झालं.

योग असा की एका प्रशिक्षण संस्थेला पडद्यावरचं पाणी कसं बनवायचं याच विषयावरचे व्हिडिओ धडे करून हवे होते. तिथल्या संचालिका बाईंनी सांगितलं, पंधरा मिनिटांचा एक नमुना धडा शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवा. पसंत पडला तर पुढचे बारा धडे तुमचे आणि शिक्षकाची कायमची जागाही तुमची. म्हणजे राजीनामा! मी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली आणि बायकोला म्हणालो, पंधरा मिनिटांचा तर धडा, डाव्या हातचा मळ आहे. तिने फक्त माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.

विषय साधा निवडला होता. टेबलावर पाण्याने भरलेला पेला, तो आडवा होतो, पाणी पसरतं आणि कडेवरून खाली गळतं. हे पाणी हाताने काढायचं नसतं. संगणकाला सांगायचं, बाबा रे, हा पेला, हे टेबल, हे गुरुत्वाकर्षण. मग तो बसून थेंबाथेंबाचं गणित करतो. याला म्हणतात सिम्युलेशन. गणिताला सात तास लागतात, आणि तेवढा वेळ संगणकाचा पंखा असा घरघरतो की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून गुरुवारी सकाळी आधी आवाज रेकॉर्ड करून घेतला. कपड्यांत आवाज घुमत नाही, म्हणून कपाटात डोकं घालून पंधरा मिनिटं बोललो. "मित्रहो, हे पाणी आपण बनवलं आहे, आणि ते पूर्णपणे आपल्या मुठीत आहे," या वाक्याला बायकोचा हात माझ्या कानाजवळून आत आला आणि स्वेटर घेऊन गेला. ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. एकूण नऊ वेळा म्हटलं. नवव्या वेळी माझाही त्यावर विश्वास बसला होता.

मग गणित लावून दिलं आणि संध्याकाळी निकाल उघडला. पेला छान आडवा झाला. पाणी झोकात पसरलं. मी खुर्चीत रेलतोय तोच मागून आवाज आला.

"जावईबापू, पाणी कमी आहे."

हे आमचे सासरे. अण्णा. दोन महिन्यांपासून आमच्याकडे राहायला आहेत. पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं होते, आणि बत्तीसच्या बत्तीस वर्षं त्यांनी गळती शोधण्याचं काम केलं. रस्त्याला कान लावून खालचा पाइप कुठे फुटलाय ते सांगणारा माणूस! निवृत्त झाल्यापासून त्यांना काही सापडलेलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं की पेल्यात होतं तेवढं पाणी टेबलावर आणि जमिनीवर मिळून दिसत नाही. निम्मंच दिसतं. मग उरलेला अर्धा पेला कुठे गेला?

आता खरं सांगायचं तर यात काही नवल नाही. सिम्युलेशनमध्ये पाणी हरवतं. गणित ढोबळ ठेवलं तर थेंब गणतीतून सुटतात, नाहीतर पातळ टेबलातून आरपार जातात. आमच्या धंद्यात याची कुणाला लाज वाटत नाही. मी म्हणालो, "अण्णा, थोडं जातंच. सगळ्यांचंच जातं."

"मला बत्तीस वर्षं कंत्राटदार हेच सांगायचे," अण्णा म्हणाले आणि चष्मा पुसून स्क्रीनसमोर बसले.

जेवायला उठले नाहीत. एका बोटाने चित्र मागे-पुढे करत राहिले. आठाच्या सुमारास त्यांनी जाहीर केलं की गळती टेबलाच्या मधोमध आहे, पेल्याच्या उजव्या अंगाला. मी चिडून तपासलं. बरोबर तिथेच होती! मी टेबलाची फळी कागदासारखी पातळ ठेवली होती आणि पाणी तिच्यातून खाली पळत होतं. ही चूक मी स्टुडिओतल्या नवख्या मुलांनाही करू देत नाही.

शुक्रवारी सकाळी गळका निकाल पुसून टाकला, फळी जाड केली, गणित बारीक केलं आणि नऊच्या ठोक्याला संगणक पुन्हा कामाला लावला. चारला गणित होणार, त्यावर आवाज चढवायचा, पाचला धडा रवाना. यंत्र होतं जेवणाच्याच टेबलावर, कारण आतल्या खोलीत बायकोची ऑफिसची मीटिंग चालू होती. गणित होत जाईल तसं साठवत राहण्याची एक सोय असते. ती मी बंद केली होती, कारण ती डिस्कवर फार जागा खाते. हसू नका. धड्यातलं पहिलंच वाक्य होतं, "साठवण्याची सोय कधीही बंद करू नका."

दुपारी एकला अण्णा स्वयंपाकघरातून एक पेला, मापाचं भांडं आणि फडकं घेऊन आले. रात्रभर त्यांना चैन पडलं नव्हतं. खरं पाणी सांडलं तर किती परत मिळतं, हे त्यांना मोजून बघायचं होतं. सांडायचं, फडक्याने टिपायचं, पिळायचं आणि मोजायचं. मी नको म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, वा! याचा व्हिडिओ काढून धड्यात टाकावा. एका बाजूला खरं पाणी, दुसऱ्या बाजूला आपलं. बाई खूश होतील.

पहिल्या दोन वेळा सगळं सुरळीत झालं. दोनशे मिलिलिटर सांडलं, एकशे नव्वद परत आलं, दहा फडक्यात राहिलं. अण्णांनी आकडे वर्तमानपत्राच्या कडेला लिहिले. पण पाणी कडेपर्यंत पोचेना, आणि मला तर कडेवरून गळणारं हवं होतं. मी फोन डोळ्यासमोर धरून म्हणालो, "अण्णा, जरा जोरात पाडा." ही सूचना माझी. अण्णांचा त्यात काडीचाही दोष नाही, हे मी बायकोलाही सांगितलं आहे.

अण्णांनी पेला जोरात पाडला. पाणी सरळ टेबलभर धावलं, यंत्राला वळसा घालून कडेवर आलं, तिथे क्षणभर थबकलं आणि खाली ओघळलं. इतकं देखणं ओघळलं की मी फोन हलवला नाही. खाली काय आहे ते मला टप् असा आवाज झाल्यावर आठवलं. खाली एक्स्टेन्शन बोर्ड होता.

पंखे थांबले. फ्रिज गप्प झाला. चार तासांची ती घरघरही थांबली, आणि ती शांतता मला अजून ऐकू येते. आतल्या खोलीचं दार उघडून बायको बाहेर आली. घरचं इंटरनेट गेल्यामुळे ती तिच्या साहेबांसमोरून वाक्याच्या मधोमध अदृश्य झाली होती.

"माझी मीटिंग गेली," ती म्हणाली. "तुझं काय गेलं?"

"सगळंच."

टेबलाखालून अण्णांचा समाधानी आवाज आला की पाणी मात्र एक थेंबही कमी झालेलं नाही.

बोर्ड काढा, पुसा, केसांच्या ड्रायरने वाळवा, इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याचं व्याख्यान ऐका. यंत्र सुरू झालं तेव्हा तीन वाजले होते. हातात दोन तास, गणिताला हवेत सात. माझ्याजवळ उरलं होतं काय? पंधरा मिनिटांचा आवाज, बाकीच्या पायऱ्यांची चित्रं, आणि फोनमध्ये खऱ्या पाण्याचा अकरा सेकंदांचा तुकडा.

पुढचं सांगायला जड जातंय. मी तो तुकडा घेतला, अण्णांचा हात कापून टाकला, रंग किंचित फिकट केले आणि निकालाच्या जागी बसवला. त्यावर कपाटातला माझा आवाज आला, "मित्रहो, हे पाणी आपण बनवलं आहे." चार बावन्नला पाठवून दिला. मनाला समजावलं की एकदा नोकरी लागली की नंतर खरं सिम्युलेशन शंभर वेळा करून दाखवीन. मन समजलं नाही, पण तेही दमलेलं होतं.

शनिवारी सकाळी बाईंचं उत्तर आलं. मी बायकोला आणि अण्णांना बोलावून मोठ्याने वाचायला घेतलं. निवेदन सोपं आहे, आवाज स्पष्ट आहे, मांडणी चांगली आहे. इथपर्यंत माझी मान ताठ होती. पुढे लिहिलं होतं, "मात्र पाणी अजिबात पटत नाही. कडेवर येऊन ते थबकतं आणि मग घसरतं. खरं पाणी असं कधीच वागत नाही. गुरुत्वाकर्षणाचा आकडा चुकलेला दिसतो. पाण्याचा आणखी अभ्यास असलेली व्यक्ती आम्ही शोधत आहोत."

अण्णा ताडकन उठले. लिहा त्या बाईंना, म्हणाले, की ते खरं पाणी आहे, मी माझ्या हाताने सांडलंय, हवं तर साक्षीला येतो. मी त्यांना सांगितलं की नेमकं तेवढंच लिहिता येत नाही. खरं आहे म्हटलं तर मी लबाड ठरतो, खोटं आहे म्हटलं तर अडाणी. त्यातल्या त्यात अडाणी बरा. मी बाईंचे आभार मानले, गुरुत्वाकर्षणाच्या चुकीबद्दल क्षमा मागितली आणि सोमवारची स्टुडिओची पिशवी भरून ठेवली. सोमवारी एका वाघाला घाम आणायचा होता.

थोड्या वेळाने अण्णा घरात दिसेनात. बघतो तर स्वयंपाकघरात नळ सोडून उभे. पाणी नळाखालच्या भरल्या पेल्याच्या कडेला येत होतं, थबकत होतं आणि घसरत होतं. बत्तीस वर्षांचा जाणकार माणूस, पण चेहरा पार उतरलेला.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "बाई म्हणतात ते अगदीच चूक नाही हो. नीट बघितलं तर जरा खोटंच वाटतं."

मी वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. नऊ वर्षांचा माझा अनुभव, पण छातीवर हात ठेवून काही सांगता येईना. शेवटी बायको आली आणि तिने आमच्या दोघांच्या मधून हात घालून नळ बंद केला.