उसनं भांडण

सुमैराला प्रात्यक्षिकासाठी एक खरं भांडण हवं होतं आणि तिसगावात ते मिळत नव्हतं.

नगरच्या सरकारी विधी महाविद्यालयात ती शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज भर शहरात. सकाळी पाच वर्षांचा अभ्यासक्रम, दुपारी तीन वर्षांचा, आणि संध्याकाळी त्याच बाकांवर सुप्याच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेले लोक कामगार कायद्याची पदविका करत. यंदा शेवटच्या वर्षाला मध्यस्थीचं प्रात्यक्षिक आलं होतं. विद्यार्थ्याने खरा वाद शोधायचा, दोन्ही पक्षांना कॉलेजात आणायचं आणि बाहेरच्या परीक्षकासमोर मध्यस्थी करून दाखवायची. वाद बनावट निघाला तर विद्यार्थी नापास, म्हणजे वर्ष वाया. तशी सूचना फलकावर लागली होती.

गावात वादांना तोटा नव्हता. पण ज्यांचा वाद होता ते एका एसटीत बसायला तयार नव्हते, आणि जे एका एसटीत बसायला तयार होते त्यांच्यात वाद नव्हता. दोघेतिघे राजी झाले तेही, निकाल आपल्याच बाजूने देणार असशील तर, या अटीवर. मध्यस्थ निकाल देत नाही, असं सुमैराने समजावल्यावर त्यांना तिच्या शिक्षणाबद्दलच शंका आली.

शेवटी तिच्या वडिलांनी, बाबाजान टेलरांनी, मार्ग काढला. त्यांच्या दुकानाला लागून सहादेवचं चहाचं हॉटेल होतं. दोघांची मैत्री सुमैराच्या वयापेक्षा जुनी.

"आमच्या दोघांचं भांडन ने," हॉटेलात चहा घेता घेता बाबाजान तिला म्हणाले.

"आपलं भांडन कुठं हाय?" सहादेवने विचारलं.

"न्हाई तर करू. पोरीचं वरीस जातंय."

सहादेव नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता. अडीअडचणीला त्याने साखर दिली होती, शिडी दिली होती, एकदा लग्नघरी स्वतःचा कोट दिला होता. भांडण उसनं द्यायला त्याची हरकत नव्हती. विषय शोधण्यात मात्र बराच वेळ गेला. अखेर दोन्ही दुकानांसमोरच्या लाकडी बाकड्यावर एकमत झालं. ते कुणाचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवसापर्यंत तसा प्रश्नही पडला नव्हता.

बनावट वाद न्यायचा या विचाराने सुमैराला नीट झोप लागली नाही. निदान मध्यस्थी तरी नियमाप्रमाणे करायची, असं तिने ठरवलं. चूक तिथेच झाली.

वर्गात शिकवल्याप्रमाणे तिने दोघांची वेगवेगळी भेट घेतली. पक्षकाराला बोलतं करावं, मध्ये तोडू नये, मनाच्या तळाशी काय आहे ते हळूहळू वर येऊ द्यावं, असं शिकवलेलं होतं. ते वर आलं. सहादेवच्या मते बाबाजानची गिऱ्हाइकं बाकड्यावर तासन्‌तास बसत आणि चहा घेत नसत. बाबाजानच्या मते सहादेवची गिऱ्हाइकं चहा पीत आणि हात नव्या कापडाला पुसत. दोघांनी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आजवर कुणी इतक्या आस्थेने विचारलं नव्हतं.

पुढची पायरी अशी होती की एका पक्षाचं म्हणणं सौम्य शब्दांत दुसऱ्यापर्यंत पोचवायचं. सुमैराने ते पोचवलं.

बाबाजानची कात्री थांबली. "असं म्हनला त्यो?"

"अब्बा, हे फक्त सरावासाठी आहे."

"सरावासाठी सुचलं कसं पन त्याला?"

दुसऱ्या दिवशी बाकडं हॉटेलच्या बाजूला सरकलेलं दिसलं. दुपारी ते टेलरच्या बाजूला आलं. संध्याकाळी सहादेवने त्यावर दुधाचं पातेलं ठेवलं, ते उचलायला कुणी धजेना. बाबाजाननी नगरहून विजेची किटली मागवली आणि दुकानात स्वतःचा चहा करू लागले. हॉटेलात बसणाऱ्यांनी हे पाहून माना खाली घातल्या. सहादेवनेही उत्तर दिलं. तो पाथर्डीला गेला आणि सदरा शिवायला टाकून आला.

त्यानंतर दोघे एकमेकांना अहोजाहो करू लागले. प्रकरण हाताबाहेर गेल्याचं सुमैराला तेव्हा कळलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी दोघे एकाच एसटीने नगरला आले. एक ड्रायव्हरच्या मागे, दुसरा अगदी शेवटच्या बाकावर. परीक्षक होत्या निवृत्त जिल्हा न्यायाधीश धनश्री मॅडम. बाकीच्या विद्यार्थ्यांचे वाद भराभर मिटत होते. पक्षकार आत येत, थोडं बोलत, हस्तांदोलन करत आणि मध्यस्थाचे आभार मानून बाहेर जात. मॅडम घड्याळाकडे पाहत होत्या.

सुमैराने दोघांना दाराशी गाठून विनवलं की हे सगळं माझ्यासाठी सुरू केलं होतं, आता माझ्यासाठी मिटवा.

"पोरी, तुझ्यासाठी खोटं असंल," सहादेव म्हणाला. "त्यांनी किटली आनली ती खरी हाय."

आत सुमैराने शिकवलेलं सगळं करून पाहिलं. तिने बाकडं दोघांचं धरण्याचं सुचवलं, दिवस वाटून घेण्याचं सुचवलं, दुसरं बाकडं करण्याचंही सुचवलं. सहादेवराव म्हणतील ते खोटं, असं बाबाजान म्हणाले. बाबाजानसाहेबांनी आधी ती किटली गावाबाहेर टाकावी, असं सहादेव म्हणाला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघेही खिडकीबाहेर पाहत होते. तडजोड झाली नाही.

सुमैरा नापास व्हायच्या तयारीने उभी राहिली. तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. सकाळपासून पाहिलेला हा एकच खरा वाद, असा शेरा मॅडमनी दिला. एवढ्यावर भागलं नाही. कॉलेजचं कायदा सहाय्य शिबिर येत्या रविवारी तिसगावात घ्यायचं आणि त्यात या वादाची दुसरी बैठक मॅडमनी स्वतः घ्यायची, असंही ठरलं.

सुमैराने गावात येऊन हे सांगितलं तेव्हा धोका पहिल्यांदा ओळखला सहादेवच्या बायकोने, पुष्पावतीने. भांडण कसं सुरू झालं हे अख्ख्या गावाला माहीत होतं. कुणीतरी ते मॅडमच्या कानावर घालणार. "दोगांनी मिळून ठरवा काय सांगायचं ते," ती नवऱ्याला म्हणाली. "न्हाईतर पोरगी जाती कामातनं."

भांडण टिकवायचं कसं हे ठरवायचं तर दोघांना भेटणं भाग होतं. सहादेव टेलरच्या दुकानात गेला. भांडण कधीपासूनचं सांगायचं, आवाज कुणी आधी चढवायचा, हे ठरलं. मग बाबाजाननी किटलीतला चहा पुढे केला. सहादेवने घोटभर घेतला, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "इतके दिवस हे पीत हुतास?"

 सहादेवने किटली उचलून कपाटावर ठेवली आणि त्यांना हॉटेलात नेलं.

रविवारी दोघे ठरल्याप्रमाणे भांडले. शिबिराला आलेला गाव गंभीर चेहऱ्याने ऐकत होता. कुणालाही आधी सांगावं लागलं नव्हतं. बैठक बाकड्यापाशीच भरली होती आणि मॅडम मध्ये खुर्चीवर बसल्या होत्या. बाबाजान हात उंचावून बाकड्याचा इतिहास सांगत असताना चहा आला. सहादेवने, बाबाजानना खोटारडा म्हणत म्हणतच, ट्रेमधला बिनसाखरेचा पेला वेगळा काढून त्यांच्या हातात दिला. बाबाजाननी तो न बघता घेतला, फुंकर मारली आणि सहादेवला चोर म्हणाले.

मॅडमनी बैठक तिथेच संपवली. सुमैरा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. तिला सगळं कबूल करायचं होतं. ती "मॅडम, हा वाद" एवढं म्हणाली.

"मी गुण दिले त्या दिवशी तो खरा होता," मॅडम म्हणाल्या. "त्याआधी काय होतं आणि आज काय आहे, ते माझ्यासमोर नाही." त्यांनी काच वर केली आणि गाडी नगरच्या रस्त्याला लागली.

मॅडम गेल्याचं त्या दोघांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सुमैरा परतली तेव्हा ते बाकड्यावर शेजारी शेजारी बसून भांडतच होते. तिने जरा ऐकलं. बाकड्याचा विषय मागे पडला होता. पाथर्डीच्या सदऱ्याची बाही वाकडी आहे असं बाबाजान म्हणत होते, आणि सहादेवला ते मान्य नव्हतं.

दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन बोलावं, असं तिला क्षणभर वाटलं. मग ती घरी निघून गेली.