ऊन विचारणारे दाजी

दाजी पेडणेकरांकडून झाड घेणं म्हणजे मुलगी मागायला जाणं होतं. प्रभादेवीला आमच्या चाळीमागे त्यांची नर्सरी होती. लग्न होऊन आले त्या वर्षी मी जाईचं रोप आणायला गेले, तर मला स्टुलावर बसवून त्यांनी चौकशीच सुरू केली.

"ऊन सकाळचं की दुपारचं?"

"सकाळचं."

"बरं. गणपतीला गावी गेलात की पाणी कोण घालणार?"

"शेजारच्या मालूताई."

"मग त्यांना घेऊन ये. मी बघितलेलं नाही त्यांना."

मालूताईंना पोळ्या लाटता लाटता उठवून नेलं, तेव्हा कुठे जाई मिळाली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. दाजी मोर्चाला जायचे, पण झाडांना पाणी घालून झाल्यावर. कुणी नुसती फांदी मागितली की खेकसायचे, "मुंबईसह मागताना जोर असतो, मग झाड मातीसह न्यायला काय झालं?" एकदा कर्फ्यू लागला, तर हे झारी घेऊन रस्त्यावर! हवालदाराने अडवलं.

"कर्फ्यू माणसांना," दाजी म्हणाले. "मोगऱ्याला कुणी सांगितलंय?"

हवालदाराने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आमच्याकडे नायगावला गुलाब आहे हो. कळ्या उमलायच्या आधीच गळतात."

दाजींनी सुनसान रस्त्यात उभं राहून त्याला शेणखत समजावलं. तो त्यांना नर्सरीच्या फाटकापर्यंत सोडून आला.

पुढे जागेच्या मालकाने जमीन इमारतीसाठी दिली. महिनाभरात नर्सरी मोकळी करायची होती. दाजींनी एकही झाड टाकलं नाही. प्रत्येकाला घर शोधून दिलं, अर्थात चौकशी करूनच. मग फाटकाला कुलूप लागलं.

रोपं काय, दादरलाही मिळत होती. पण किडलेलं पान घेऊन आता जायचं कुणाकडे? माझी जाई पिवळी पडली, मालूताईंची तगर माना टाकू लागली. आम्ही एकमेकींना ठासून चुकीचे सल्ले देत होतो.

एका शनिवारी दुपारी दारात दाजी. "सहज आलो," म्हणत सरळ गॅलरीत गेले आणि कुंडीतल्या मातीत बोट घातलं.

"पाणी जास्त होतंय गो. लाड करतेस."

सासूबाईंनी चहा दिला. "दाजी, स्वतःसाठी कुठलं झाड ठेवलंत?"

"एकही नाही."

"म्हणजे?"

"माझी खोली जिन्याखाली, वहिनी. ऊन येतच नाही. मी मलाच झाड दिलं नसतं." ते एकटेच हसले.

मालूताईंनी मागाहून सांगितलं, गुरुवारी ते त्यांच्याकडे असेच 'सहज' आले होते. आदल्या दिवशी समोरच्या चाळीत.

सासूबाईंनी चाळीच्या सेक्रेटरींकडे जाऊन गच्चीची किल्ली मागितली आणि मिळवलीही.

पुढच्या शनिवारी गच्चीवर तेलाचे डबे, फुटक्या घागरी, कुणाची कडेला तडा गेलेली बादली, सगळं मांडलं होतं. बातमी परळपर्यंत गेली असावी; ओळखपाळख नसलेल्या बायकाही आपापली आजारी रोपं कडेवर घेऊन जिना चढत होत्या. दाजी एकेकीला फैलावर घेत होते. मातीने हात बरबटलेले, टोपी मागे सरकलेली.

दिवेलागणीला सगळ्या पांगल्या. दाजी हात धुऊन निघाले, जिन्यात घुटमळले.

"वहिनी, उद्या पण येऊ?"

"उद्या रविवार," सासूबाई म्हणाल्या. "बांगडे आणणार आहे. जेवायलाच या."