पुढे वाचण्यासाठी

वार्ताहर उत्तमसिंगनं आणलेली बातमी वाचून झाल्यावर संपादक वामनरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. दिग्रसच्या 'दैनिक तळमळ'मध्ये सहसा वाढदिवस आणि उद्घाटनं येत. ही मात्र खरीखुरी बातमी होती. उत्तमसिंगनं कापसानं भरलेली एकच पिकअप आधी लखीरामभाऊंच्या जिनिंग कारखान्यातल्या वजनकाट्यावर आणि लगेच गोपालशेठच्या कारखान्यातल्या काट्यावर चढवली होती. लखीरामभाऊंकडे वजन चोख. गोपालशेठकडे क्विंटलमागे तीन किलो गडप. दोन्ही पावत्यांचे फोटो सोबत जोडलेले.

"ही कुलपात टाकू," वामनराव म्हणाले.

कुलूप नवंच होतं. छापील अंक बंद होऊन वर्ष झालं होतं. पेपर आता मोबाईलवर निघे आणि लोक तो फुकट वाचून वर चुका काढत. म्हणून वामनरावांच्या पुतण्यानं, पुण्याच्या पियूषनं, सोय करून दिली होती. मथळा आणि पहिल्या दोन ओळी सगळ्यांना. बाकीचं महिन्याला एकोणपन्नास रुपये भरणाऱ्यांना.

"सर, ही तरी फुकट ठेवा ना. कास्तकारायच्या कामाची हाय."

"कामाची आहे म्हणूनच लोक पैसे देतील. वाढदिवस वाचायला कोण देणार आहे?"

उत्तमसिंगचा पगारही त्या कुलपातूनच निघायचा होता.

सकाळी सातला बातमी झळकली. 'काट्यात क्विंटलमागे तीन किलोची चोरी!' खाली दोन ओळी : 'शहरातील एका जिनिंगमध्ये शेतकऱ्यांची राजरोस लूट सुरू आहे. लखीराम यांच्या जिनिंगमधील काट्यावर' आणि तिथेच दुसरी ओळ संपली. पुढे कुलपाचं चित्र.

पुढे वाचायची कोणाला गरजच वाटली नाही. लोकांनी तेवढ्याचाच फोटो काढून पुढे ढकलला. नऊपर्यंत तो गावोगावच्या ग्रुपवर पोचला. अकराला लखीरामभाऊंच्या फाटकावर दोनशे माणसं जमली आणि काट्याच्या खोलीची काच फुटली. साडेअकराला लखीरामभाऊ फाटक्या बाहीनिशी कचेरीत येऊन उभे राहिले.

"वामनराव, तुमच्या मानसाले म्या काटा वापरू देला, चहा पाजला, अन् तुमी मलेच चोर केलं?"

"भाऊ, पुढे वाचा ना. पुढे तुमची तारीफच आहे."

"कुठी हाय पुढं?"

वामनराव खाकरले. "त्याला जरा... एकोणपन्नास रुपये पडतात."

लखीरामभाऊंनी भरले. उभ्याउभ्याच सगळी बातमी वाचली. वाचता वाचता त्यांचे डोळे ओले झाले. "लय चांगलं लिहिलं," ते उत्तमसिंगला म्हणाले. "आता हे त्या दोनशे लोकायले कसं दाखवू?"

कुलूप काढायला पियूष हवा होता. पियूष मीटिंगमध्ये होता. अडीच वाजता त्यानं कुलूप काढलं आणि उत्तमसिंग मोबाईल उंच धरून फाटकाकडे पळाला.

"भाऊ, पुरी बातमी वाचा! चोर हा नाही, गोपालशेठ हाय!"

गर्दीतल्या एकानं वाचली आणि हसला. "सकाळी एक, दुपारी एक. कितीत बदलली बे?"

त्या दिवशी दोनच वर्गणीदार झाले. एक लखीरामभाऊ, दुसरे गोपालशेठ. त्यांनी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पूर्ण वर्षाचे पैसे भरले होते. दुपारी वजनमापे खात्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांचा काटा अगदी बरोबर निघाला. साहेब चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी उत्तमसिंग गोपालशेठच्या फाटकावरून जात होता. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. तिसऱ्या पिकअपमधून त्याचे वडील, धरमसिंग, हात हलवत होते.

"बा, येथी कायले आले?"

"लखीरामकडेच नेत होतो. पन तुही बातमी पाह्यली ना! तुही माय पुऱ्या तांड्यात दाखवून आली, माह्या पोरानं चोर पकडला म्हणून. मंग तांड्यातल्या साती गाड्या म्याच इकडं वळवल्या."

"बा, चोर हाच हाय! म्या तसंच लिहिलं. काल दुपारी उघडली ती बातमी वाचा."

"वाचली," धरमसिंग म्हणाले. मग आजूबाजूला पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "तुह्या मालकानं पैसे घेऊन बदलली असन. तू असं लिहिणार नाहीस, मले मालूम हाय. तुले नोकरी टिकवा लागते, म्हणून तू तसं बोलून राह्यला. मी कोणाले सांगत नाही."

पुढची गाडी काट्यावरून उतरली. धरमसिंगांनी पोराच्या खांद्यावर थोपटलं आणि ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायची खूण केली.