आज गोळे की नळ्या?

देवासच्या आमच्या गल्लीत स्कूटर उभी करता करता भालूदादा दिवसाचा निकाल जाहीर करतात. "आज गोळे!" म्हणजे स्वारी खुशीत. "आज नळ्या!" म्हणजे त्यांच्या वाटेला जाऊ नये. समोरच्या नव्या भाडेकरूने तर एकदा कळवळून प्लंबरच बोलावला.

दादा इंदूरच्या एका प्रयोगशाळेत विषाणूंच्या कवचांवर काम करतात. आत रोगबिग काही नाही, नुसतं रिकामं कवच. पुढेमागे त्यात औषध भरायचं. कवचाची प्रथिनं आपली आपण जुळतात. मीठ आणि आंबटपणा नेमका साधला तर सुबक गोळे, बिनसलं तर लांबच लांब नळ्या. "आपण फक्त वातावरण द्यायचं. हात लावायचा नाही!" हे त्यांचं पालुपद.

दादांच्या पुतणीचं, मनूचं लग्न धारला ठरलं आणि कुणाला काय दुर्बुद्धी झाली, लाडवांची देखरेख दादांकडे आली. बुंदी पाकात पडली. हलवाई वळायला बसला, तशी दादांनी परात ओढली.

"थांबा! नुसती हलवू. जुळतील."

"भिया, लड्डू तो हाथ से-ज बंधते हैं!"

"म्हणूनच एक मोठा, एक छोटा होतो तुमचा!"

मग दादा आणि मी परात गरगर फिरवत बसलो. बुंदी गार झाली, पाक साखरला आणि परातीएवढा एकच लाडू तयार झाला. दादा त्याच्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "हा आकार नवीनच आहे."

"भावजी, तुम्ही बाहेर बसा बघू!" मनूची आई कडाडली.

शेवटी तो वड्यांसारखा कापून वाढला. महाराष्ट्रातून आलेल्या व्याह्यांनी दोनदा मागून घेतला. "माळव्याची खासियत वाटतं?"

"छे, माळव्यातसुद्धा फक्त धारची," दादा म्हणाले.

पाठवणीला मात्र दादा दिसेनात. मनूचे वडील ती लहान असतानाच गेले. तिला दादांनीच वाढवलं. काकांना भेटल्याशिवाय ती पाऊल उचलेना. मी शोधायला निघाले, तर दादा नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीत, मागच्या सीटवर.

"दादा, मनू खोळंबलीय."

"हा पट्टा अडकतोय जरा." पट्टा चांगला लागत होता. मग त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी करून खिडकीशी ठेवली. "गाडीत झोप लागते तिला. डोकं काचेवर आपटतं."

"अहो, जावई असतील ना शेजारी!"

 शाल उलगडून दादांनी पुन्हा नीट घडी घातली.

"असेल. पण ती कुठल्या बाजूला कलते, ते त्याला अजून कुठे माहितीय?"