झेल सुटला, स्नायू वाचला

माणूस मोडतो तो न वाकल्यामुळे. हे सत्य आमच्या क्रिकेट क्लबाला जरा उशिराच, म्हणजे सेक्रेटरींचे जावई व्यायामशिक्षक झाल्यावर उमगले. त्यानंतर मात्र क्लबाने कंबर कसली. (जावईबापूंनी ती आधी सैल करायला लावली.)

अंग ताणण्याचे फायदे निर्विवाद आहेत. गोलंदाजाचा खांदा मोकळा होतो, फलंदाजाला खाली राहणाऱ्या चेंडूपर्यंत पोचता येते, आणि ज्यांना स्वतःच्या पायाचे अंगठे फक्त फोटोत दिसत, त्यांची अंगठ्यांशी समक्ष भेट होते. आमचा यष्टिरक्षक तर इतका लवचीक झाला, की स्वतःची पाठ स्वतःच थोपटू लागला. वर्षभरात दुखापती निम्म्यावर आल्या. (विजयही निम्म्यावर आले, पण ते खाते वेगळे.)

नियम एकच. ताण धरला, की तीस आकडे होईपर्यंत सोडायचा नाही. मध्येच सोडला तर स्नायू रुसतो.

आमचे गोलंदाज बेकरीवाले काका तेवढे जावईबापूंच्या सकाळच्या वर्गाला येत नसत. तेव्हा त्यांची भट्टी पेटलेली असे. त्यांनी उभ्या जन्मात एकही विकेट घेतली नव्हती आणि परवाचा सामना त्यांचा शेवटचा. काकूंनी बजावले होते, "एक तरी घेऊन या हो. नातवाला सांगायला काही नको का?"

काकांच्या शेवटच्या षटकात चौथा चेंडू उंच उडाला, तो थेट सीमेजवळच्या आमच्या क्षेत्ररक्षकाच्या, कपडे शिवणाऱ्या टेलरच्या डोक्यावर. टेलर अंगठे धरून वाकलेला, मोजणी अठरावर.

"अरे, झेल," काका म्हणाले.

"बारा राहिलेत, काका," पायांमधून उत्तर आले.

चेंडू त्याच्या पाठीवर आपटून सीमेपार गेला. (पाठ ताठ असती तर बरगडी गेली असती, असे क्लबाचा अहवाल अभिमानाने सांगतो.)

अजून दोन चेंडू होते, म्हणजे आशा होती. चेंडू येऊन थांबला तो आम्हा प्रेक्षकांच्या बाकापाशी. "टेलर म्हणजे नुसता ओंडका," असे आमचे एकमत झाले, पण चेंडू उचलायला कोणी वाकेना. "तुमच्याजवळ आहे," "छे, तुमच्याच," असा आग्रह चालला. अखेर काकाच चालत आले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. ते दोन चेंडू दुसऱ्याने टाकले.

काकांना तशाच घडीत घरी नेताना कुणीतरी म्हणाले, "कमरेतून नाही हो, गुडघ्यातून वाकायचं असतं." आवाज तुमचाच होता, वाचकहो. चेंडूही तुमच्याच पायाशी होता, मी पाहिला.