बंद आहे का, असं विचारू नये

कौसरच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. माझी ही जुनी विद्यार्थिनी आता संगणकाच्या कर्नलचा, म्हणजे त्याच्या गाभ्याचा, कोड लिहिते. तिने विचारलं होतं, "सर, ओळ ठरावीक शब्दाने सुरू होते का, हे तपासणारं फंक्शन लिहितेय. अक्षरं ते स्वतःच मोजेल. त्याने नुसतं हो-नाही सांगावं, की जुळलेल्या शब्दाची लांबी परत द्यावी?"

अमडापूरच्या निवृत्त मास्तराने यात काय बोलावं? शिवाय मोजायला फंक्शन कशाला? मी बोटांवर मोजतो, कधी चुकलो नाही.

मग शेजारच्या पंजाबरावांच्या विहिरीवरच्या मोटरीसाठी मी ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. मोबाइलवरून 'रन' पाठवलं की मोटर चालू, 'स्टॉप'ला बंद, आणि 'स्टेटस' पाठवलं की ती चालू आहे की बंद ते कळायचं. 'रन'ची इंग्रजीत तीन अक्षरं, म्हणून कोडमध्ये पहिली तीन अक्षरं तपासायची. पंजाबराव म्हणाले, "सर, रन नोका ठेवू. स्टार्ट ठेवा, मले समजते." मी शब्द बदलला. तीनचा आकडा तसाच राहिला.

दोन दिवसांनी ते शेगावला दर्शनाला गेले आणि रांगेतून फोन आला.

"सर, मोटर बंद केली, तं चालू दाखोते."

"पुन्हा बंद करा."

"केली. मंग 'स्टेटस' इचारलं. पुन्हा चालू!"

"पुन्हा विचारून पाहा."

"सात बार इचारलं, सर. मिरचीची रोपं कालच लावली हो!"

तेव्हा मी कोड उघडून पाहिला. स्टार्ट आणि स्टेटस, दोन्हींची पहिली तीन अक्षरं एस, टी, ए. माझा कोड तेवढीच पाहत होता. मोटर बंद आहे का, असं विचारलं की ती सुरू व्हायची.

शेतात पोचलो तर मिरचीचं तळं झालेलं. मेन स्विच पाडला. एक चप्पल चिखलातच राहिली. निम्मी रोपं गेली.

दुसऱ्या दिवशी पंजाबरावांसोबत नवी रोपं लावली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "इतकी शिकलेली पोरगी इचारते, तं सांगत काऊन नाही तिले?"

घरी येऊन लिहिलं: "कौसर, लांबी परत दे. शून्य म्हणजे नाही. जुळलं तर पुढे कुठून वाचायचं तेही कळेल. नाहीतर माझ्यासारखा कोणीतरी पुन्हा बोटांवर मोजेल."

टपालपेटीपाशी पिनकोडचे आकडे बोटांवर मोजले. पाच भरले. सोबत आलेल्या पंजाबरावांनी पाकीट हातातून घेतलं, आकडे मोजले, सहा भरले, आणि त्यांनीच ते पेटीत टाकलं.