ट्रामच्या वाटेवरची बाबागाडी

"बाटली उकळलीस, समजलं. पण खुळखुळा कशाला उकळलास गं?" रत्नप्रभाबाईंनी पातेल्यातून सांडशीनं एक वाकडीतिकडी गुलाबी वस्तू बाहेर काढली.

"जंतू असतात, आई," प्रतिमा म्हणाली. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या सुनेला सासूपुढे याहून जास्त काही सुचलं नाही.

रत्नप्रभाबाई साताऱ्याहून जयपूरला आल्या होत्या त्या ठरवूनच. इथली धूळ, इथलं पाणी आणि सुनेचे जंतू यांतून आठ महिन्यांच्या दिलूला सोडवायचं आणि बुधवारच्या गाडीनं साताऱ्याला न्यायचं, निदान चालायला लागेपर्यंत. श्यामकांत विम्याच्या कचेरीत भल्याभल्यांच्या गळी पॉलिसी उतरवी, पण आईपुढे "बघू" याच्या पलीकडे जात नसे. जयपूर मुलाला मानवतं हे दाखवायला प्रतिमाच्या हाती एकच रविवार उरला होता.

तिनं ट्रामची वाट निवडली. दुर्गापुऱ्यापलीकडे संस्थानाच्या काळी खाणीतला दगड आणणारी ट्राम होती. रूळ कधीच उपटले गेले. उरलेल्या बांधावर मुरूम दाबून फिरणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी रस्ता केला होता. पायरी नाही, खड्डा नाही, मोटार नाही; काठी टेकणारे म्हातारेसुद्धा शेवटपर्यंत जात. तरीही प्रतिमानं गुरुवारी चाचणी घेतली. बाबागाडीत दिलूच्या वजनाइतकी कणीक ठेवून ती सगळी वाट चालून आली. कणकेला एकही धक्का बसला नाही. चाकं तेवढी गंजलेली होती, रेटल्याशिवाय हलत नसत. म्हणून शनिवारी तिनं त्यांना शिलाईच्या मशीनचं तेल पाजलं. तेलानंतरची चाचणी मात्र राहून गेली.

रविवारी सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. बांधाच्या दोन्ही अंगांना मोहरी फुललेली. पुढे श्यामकांतचा हात धरून रत्नप्रभाबाई, "हळू रे, गुडघे माझे!" म्हणत. वाटेत श्यामकांतच्या कचेरीतला रंगनाथ भेटला. सायकलवरून उतरून तो त्यांच्याशी बोलत उभा राहिला. वीस पावलं मागे प्रतिमानं दिलूचं दुपटं ओलं झालंय का ते बघायला त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि उन्हाकडे पाठ केली.

बाबागाडी निघाली. आधी विचार करत, मग ठाम.

"अहो! गाडी! धरा!" प्रतिमा किंचाळली. "दिलू माझ्याकडे आहे," हे वाक्य तिनं दुसऱ्यांदा ओरडायला ठेवलं, आणि तोवर ऐकायला कोणी जागेवर उरलं नव्हतं. मच्छरदाणी लावलेली गाडी तिघांच्या मधून सुळकन निघून गेली होती. श्यामकांत धावला, चौथ्या पावलाला त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. रंगनाथ आ वासून बघत राहिला.

"बघतोस काय मेल्या, सोड ती सायकल!"

रत्नप्रभाबाईंची नऊवारी, कासोटा घट्ट. पाचवारीतल्या प्रतिमाला जिथं धड पळता येईना, तिथं साठीला टेकलेली तिची सासू पुरुषी सायकलच्या दांडीवरून टांग टाकून बसली आणि घंटी वाजवत सुटली.

"माजीसा, धीरे! धीरे!" वाटेवरचा चौकीदार हात हलवत ओरडला.

माजीसांनी एका हातानं हँडल सांभाळत दुसऱ्या हातानं बाबागाडी धरली, पाय टेकला, मच्छरदाणी वर केली. आत थर्मास, सहा बाटल्या आणि ग्राइप वॉटर.

धापा टाकत प्रतिमा पोचली तेव्हा दिलू तिच्या खांद्यावर जांभई देत होता.

"ढलान है, बाईसा," चौकीदार हातानं उतार दाखवत समजावू लागला. "दगड भरलेली ट्राम इथं आपोआप उतरायची. बैल फक्त चढताना जुंपायचे."

परतीच्या टांग्यात रत्नप्रभाबाई बाबागाडीची दांडी घट्ट धरून बसल्या. आता बुधवार टळत नाही, हे प्रतिमाला कळून चुकलं. दिलूचे लोकरीचे मोजे कुठल्या ट्रंकेत आहेत ते ती मनातल्या मनात आठवू लागली.

घरी चहाचा कप खाली ठेवत रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "श्याम, माझं तिकीट परत कर."

"मग दिलू?"

"त्याला कुठं नेऊ? साताऱ्यात मी शाळातपासनिसांची बायको. नुसती खिडकीत उभी राहिले तरी चार जणी विचारतात, काय झालं. इथं मला ओळखतंय कोण?" त्या जराशा लाजल्या. "मिरजेला दादाची सायकल चालवायची मी. लग्न ठरलं आणि बंद झालं. आज बसले तर गं, पायांना सगळं आठवत होतं!"

"बाबांना काय लिहू?" श्यामकांतनं विचारलं.

"लिही, गुडघ्यांना इथली हवा मानवली."

प्रतिमाला रडू आलं, आनंदाचं. दिलू राहणार होता. "हवे तितके दिवस राहा, आई!" ती अगदी मनापासून म्हणाली.

"राहणारच आहे. रंगनाथ रोज संध्याकाळी सायकल देतो म्हणालाय." रत्नप्रभाबाईंनी दिलूला मांडीवर घेतलं आणि त्याच्या दोन्ही मुठी पुढे धरून बघितल्या. "काय गं प्रतिमा, दांडीवर बसवायची ती लहान मुलांची सीट इथं कुठं मिळते?"